टोपड्यावरची बोंडं

लेकीच्या पहिल्या बाळाच्या बारशाला मी स्वतः विणलेलं टोपडं नेणार होते. तिच्या सासरच्या बायका पाठीमागे मला बाजारवाली म्हणत. पापड-लोणची विकून मी घर उभं केलं, याची त्यांना लाज वाटे आणि मला त्यांचा राग येई. टोपडं असं हवं होतं, की त्यांना बोट ठेवायला जागा मिळू नये.

क्रोशाच्या सुईचे उठावाचे टाके शिकायला मी कोलशेतच्या एका ख्रिस्ती बाईंकडे जाऊ लागले. घासाघीस करून ठरवलं, एक टाका शिकवायला एक बरणी लोणचं. एकाच साखळीत पाच खांब घालायचे आणि त्यांची तोंडं एकत्र ओढायची, की कापसाच्या बोंडासारखा फुगवटा वर येतो. बाईंनी मला नमुन्याचा तुकडा दिला. त्यांच्या घरचं मी पाणीही घेत नसे. तो तुकडाही घरात नेण्याआधी विहिरीवर बुचकळून काढला. वाळला तेव्हा बोंडं चपटी झालेली. त्यावरून विणलेलं माझं टोपडंही मऊ, लोळागोळा.

बारसं तीन दिवसांवर आलेलं. मी तणतणत कोलशेत गाठलं. बाई शेजारणीबरोबर ओट्यावर विणत बसल्या होत्या.

"लोणचं पुरतं घेतलंत, विद्या मात्र अर्धीच दिलीत!" मी तुकडा त्यांच्यापुढे टाकला.

बाईंनी तो चाचपला. "पान्यात घातलंस काय गो बाय?"

शेजारीण फिसकन हसली. "आपल्या हातचं ना! धुवायलाच पायजे."

बाई हसल्या नाहीत. "याला खळ होती. भाताची पेज लावायची, नि एकेक बोंड बोटानं उचलून वाळवायचं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"माझ्या चुलीवरची पेज ती. सांगितलं असतं, तर हात लावला असतास?"

माझं लोणचं त्यांच्या घरी सगळे मिटक्या मारत खात. मी तुकडा उचलला आणि घरची वाट धरली.

घरी पेज काढून टोपड्याला लावली. बोंडं ताठ उभी राहिली.

बारशाला विहीणबाईंनी टोपडं उलटसुलट करून पाहिलं. "कुणाकडून शिकलात हो?"

"माझं मीच," मी म्हणाले.

त्यांनी ते लगेच बाळाला घातलं.

बाईंनी मला आधी सांगायला हवं होतं, हा राग अजून गेलेला नाही. पण बारशाच्या दिवशी मीही विहीणबाईंना सांगितलं नाही, आणि त्याच भीतीनं: कळलं तर त्या टोपड्याला हात लावणार नाहीत. त्यानंतर कोलशेतच्या वाटेला मी गेले नाही.