भूलतज्ज्ञ आजीचा शनिवार

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या सुलेखाताईंनी आयुष्यभर एकच काम केलं, ते म्हणजे लोकांना झोपवलं. भूलतज्ज्ञ होत्या त्या, एकेचाळीस वर्षं. "आता दहापासून उलटे आकडे म्हणा हं," एवढं त्या पेशंटच्या कानाशी म्हणायच्या, आणि सातच्या खाली उतरलेला माणूस काही कोणी पाहिला नाही. सर्जन लोक म्हणायचे, बाई, औषध वाचवा, तुम्ही नुसत्या बोला. थट्टा होती खरी, पण अगदीच खोटी नव्हती. त्यांचे यजमान गिरीशराव भला माणूस, पण लग्नाला त्रेचाळीस वर्षं होऊनही बायकोचं एक वाक्य त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं असेल तर शपथ.

रिटायर झाल्यावर पेशंट गेले आणि उरला फक्त शनिवार. शनिवारी मुलगा मिहीर आणि सून वैदेही जर्सी सिटीहून यायचे, वीर आणि रुही ही पाच वर्षांची जुळी आजीकडे सोडायचे आणि विकत घ्यायला घरं बघत हिंडायचे. रविवार उजाडला की सुलेखाताई पुढच्या शनिवारची वाट बघायला लागायच्या. दुसरं होतं काय त्यांना?

पण गेले दोन शनिवार घोळ झाला. दुपारी आजीने गोष्ट सुरू केली, आणि राजा शिकारीला निघायच्या आत पोरं गार. दोन ते पाच ढाराढूर. मग रात्री एक वाजता वीर जर्सी सिटीतल्या घरी, एकविसाव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये स्कूटर चालवतोय आणि विसाव्या मजल्यावरचे लोक बेल वाजवतायत.

"आई, आज त्यांना झोपू द्यायचं नाही," मिहीर दारातूनच म्हणाला. छत्रीचं पाणी पायपुसण्यावर गळत होतं. "आज परत झोपली तर नेक्स्ट वीकपासून आम्ही बेबीसिटर बघतो. सॉरी, पण रात्रभर जागून आमची पार वाट लागलीय."

"आणि टीव्ही पण नको हं आई," वैदेहीने हळूच जोडलं.

एरवी पार्कमध्ये नेऊन दमवता आलं असतं. आज पहाटेपासून आभाळ फाटलेलं, खिडकीबाहेर अंधार आणि छपरावर एकसुरी ताल. असल्या हवेत घड्याळालासुद्धा जांभई यावी.

सकाळ निभावली. सोफ्याच्या उशांचा किल्ला झाला, आबांच्या, म्हणजे गिरीशरावांच्या, मोज्यांची लढाई झाली. मग जेवायला सुलेखाताईंनी काय करावं? गरम वरणभात, वर तूप, वर लिंबू. एकेचाळीस वर्षं भूल देणाऱ्या बाईला कळू नये की वरणभात म्हणजे अर्धी भूल? जित्याची खोड, दुसरं काय. गिरीशराव तर हात धुऊन येताच रिक्लायनरवर आडवे झाले.

सुलेखाताईंनी घाईघाईने पत्ते काढले. "हे बघा, बदाम सात कसं खेळायचं, तर ज्याच्याकडे बदामाची सत्ती असेल त्याने..." एवढ्यात वीरची मान डुलली. रुहीने दोन जांभया दिल्या.

आपण बोललो तर शनिवार गेला, हे सुलेखाताईंना लख्ख कळलं आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. आता न बोलता पोरं जागी ठेवायची. काय करतील बिचाऱ्या? सत्तरीची बाई गालिच्यावर बेडूक झाली. मग माकड झाली. मग हत्ती होऊन ओढणीच्या सोंडेने तिने आबांच्या नाकाला गुदगुल्या केल्या. आबा उठले नाहीत, पण पोरं हसून लोळली. अर्ध्या तासात हत्तीचे गुडघे बोलायला लागले.

तेवढ्यात रुहीने खेळण्यातला स्टेथोस्कोप आणला. "आजी, यू बी द पेशंट."

ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं, हे आजीनेच शिकवलेलं. त्यामुळे रुहीने आधी वरणभातावरून आजीला चांगलं झापलं, मग सोफ्यावर झोपवलं. सुलेखाताईंनी कुलूप एकदाच उघडलं. "भूल देणाऱ्याने स्वतः झोपायचं नाही. पेशंटचा हात धरून डोळ्यांत तेल घालून बसायचं, तो उठेपर्यंत."

रुहीने मान डोलावली, मनगट धरलं आणि हुबेहूब आजीच्या आवाजात म्हणाली, "आता दहापासून उलटे आकडे म्हणा हं."

दहा, नऊ, आठ म्हटल्याचं त्यांना आठवतं.

जाग आली तेव्हा खोलीत दिवा लागला होता आणि दारात मिहीरचे ओले बूट दिसत होते. घड्याळात साडेपाच. संपलं सगळं. तीन तास आपण झोपलो, म्हणजे पोरंही...

"शूऽऽ," रुही बापावर डाफरली. "शी इज माय पेशंट."

तिचा हात अजून आजीच्या मनगटावर होता. खाली वीर टक्क जागा, कागदावर रेघा मारत बसलेला. आजीच्या दर घोरण्याला एक रेघ, चार पानं भरली होती. पलीकडे गिरीशराव, अंगावर तीन पांघरुणं.

"आबा इज इन द वेटिंग रूम," वीरने खुलासा केला.

"दोघं झोपलीच नाहीत?" वैदेहीने विचारलं. रुहीला तो प्रश्न अपमानाचा वाटला.

एकेचाळीस वर्षं सुलेखाताई परक्यांच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांच्या उशाशी असं कोणी बसल्याचं त्यांना आठवेना. डोळे भरून आले, ते त्यांनी ओढणीच्या सोंडेला पुसले.

"रुही, चल, शूज घाल," मिहीर म्हणाला. "पेशंट उठलाय आता."

रुहीने वीरचे कागद घेतले, उलटे धरून नीट तपासले. "नेक्स्ट सॅटर्डे फॉलो-अप."

मिहीरने वैदेहीकडे पाहिलं. वैदेही ओठ चावून हसू दाबत होती.

"किती वाजता आणू तुम्हाला, डॉक्टर?" त्याने विचारलं.

"टेन ओ'क्लॉक," रुही म्हणाली आणि आजीकडे बोट दाखवलं. "अँड नो वरणभात."