‘कोनमिगो’ म्हणजे काय?

वाचनालयातल्या मित्रांनो, आज बातम्यांच्या फळ्यावर माझाही एक कागद लावतोय. दुपारी पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

स्वराज्य आल्यावर, मी कंपाउंडर आहे त्या आपल्या शिरपूरच्या दवाखान्यात स्पेनहून एक नर्सबाई आल्या. माझ्या वहिनी त्यांना मराठी शिकवतात आणि त्यांच्याकडून स्पॅनिश शिकतात. स्पॅनिशमधल्या शब्दयोगी अव्ययांनी मात्र वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. “आपण ‘घरामध्ये’ म्हणतो, हे लोक ‘मध्ये’ आधी म्हणतात आणि ‘घर’ मागून. बठ्ठं उलटं शे, सगळंच उलटं!”

आज नर्सबाईंनाच हिवताप चढला. तापात मराठी विसरून त्या एकच शब्द बोलत होत्या, “कोनमिगो.” डॉक्टरांनी पाणी दिलं, मी घोंगडी आणली. त्या नुसती मान हलवत राहिल्या.

तेवढ्यात वहिनी आल्या. क्षणभर ऐकून मला म्हणाल्या, “भाऊ, ‘कोन’ म्हणजे सोबत. ‘माझ्यासोबत’ म्हणताहेत त्या.” आणि खाटेवर बसून त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

बाई लगेच शांत झोपल्या. संध्याकाळी ताप उतरला, तरी त्यांनी वहिनींचा हात सोडला नव्हता.

परक्या भाषेतला एवढासा शब्द कुणाच्या इतका कामी आलेला तुम्ही पाहिलाय का?