भात थंडा होऊन राह्यला

मी सौसरहून निघाले त्या दिवशी बसस्टँडवर आमची अर्धी वस्ती जमली होती. नागपूरपर्यंत बस, पुढे विमान. आमच्या वस्तीची एक रीत होती: कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, मग तो फौजेत जाऊ दे नाहीतर पुण्याच्या कंपनीत, की माझे बाबा त्याला समोर उभं करून त्रिसरण-पंचशील म्हणायचे आणि मग "दोनच शब्द सांगतो" म्हणून बस सुटेपर्यंत बोलायचे. माझ्या वेळी त्यांनी पंचशील म्हटलं, बॅगेची चेन नीट लागली आहे का ते पाहिलं आणि बाजूला झाले. पोटच्या पोरीसाठी तरी बोलतील म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. "पासपोर्ट वरच ठेव," एवढंच म्हणाले.

इकडे इंग्लंडात अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की तेव्हा बाबांचा गळा दाटून आला होता. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात आणि माझीही वट राहते. आपल्या वस्तीतले जे सौसरला राहिले त्यांना खरं काय ते माहीत आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्यासाठी आज लिहून टाकते. बाबांचं बोलणं मी बंद केलं होतं.

हे लिहायला निमित्त झालं एका सिनेमाचं. मी ज्या केअर होममध्ये काम करते तिथल्या म्हाताऱ्यांना दर गुरुवारी दुपारी जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये जुना सिनेमा दाखवतात. व्हीलचेअर ढकलायची, चहा-बिस्किटं वाटायची आणि मागे बसून रहायचं, अशी माझी ड्यूटी. त्या दिवशी एक कृष्णधवल विनोदी सिनेमा होता, त्यांच्या काळात गाजलेला म्हणे. सगळी टर चर्चचीच. बिशप लोक पोट सुटलेले, जेवणावरून भांडणारे, प्रार्थनेत पेंगणारे. आणि त्यांच्यात एक नवा पाळक, भोळा, पुस्तकातला शब्दन् शब्द खरा मानणारा. त्याचं प्रवचन संपता संपत नाही. बायका टोप्या सावरतात, पुरुष घड्याळं बघतात, घरी ओव्हनमध्ये मांस करपतं. शेवटी बिशप मंडळी त्याला एका बेटावर धाडतात. तिथे रिकाम्या बाकांपुढे उभा राहून तो तितक्याच तळमळीने बोलतो, ऐकायला खिडकीतले समुद्रपक्षी.

हॉल हसून हसून लोटपोट. सगळ्यात जास्त हसत होती ती त्याच चर्चची पाळक बाई. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कप उचलताना मी तिला विचारलं, तुम्हाला राग नाही येत? ती म्हणाली, "अगं, हे चर्च आठशे वर्षांचं आहे. हसण्याने त्याची एक वीटही हलायची नाही."

मी कप घेऊन सिंकपाशी गेले आणि नळ सोडून रडले. मला त्या पाळकाच्या जागी बाबा दिसत होते.

बाबा नगरपालिकेत चपराशी होते आणि आमच्याकडची लग्नं लावायचे. बौद्ध पद्धतीने, मांडवात उभं राहून, पांढऱ्या शर्टावर काळा कोट घालून. तो कोट पांढुर्ण्याच्या टेलरकडून आजोबांनी शिवून आणला होता, बाबांनी पहिलं लग्न लावलं तेव्हा. आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात राबले. त्यांच्या स्वतःच्या लग्नात लग्न लावणारा वस्तीबाहेर उभा राहूनच अक्षता फेकून गेला होता. मांडवाच्या मधोमध उभं राहून चार लोकांना काही सांगणारा आमच्या घरातला पहिला माणूस म्हणजे बाबा. म्हणून ते सांगायचे, आणि सांगतच रहायचे.

मी कॉलेजात होते. घरातलं सगळं मला गावंढळ वाटायला लागलं होतं, त्यातलं पहिलं बाबांचं भाषण. जयंतीच्या कार्यक्रमात नक्कल करायची म्हणून मी खुंटीवरचा त्यांचा कोट घेतला आणि तीन लग्नांत मागे बसून भाषण पाठ केलं. काहीही सुटू नये म्हणून वहीत उतरवलं. अभ्यासाला कधी इतकी मेहनत घेतली नव्हती.

विहारासमोरच्या स्टेजवर मी कोट घालून उभी राहिले. बाह्या गुडघ्यापर्यंत. "दोनच शब्द सांगतो," म्हटलं आणि लोक तेवढ्यावरच फुटले. बाबा घड्याळ बघून तसंच पुढे बोलत रहायचे, ते केलं. ते मुलींबद्दल बोलू लागले की डोळ्यांना रुमाल लावायचे. मी टॉवेल काढून पिळला. मग मैत्रीण मागून आचारी होऊन ओरडली, "भात थंडा होऊन राह्यला!" आणि मी छाती काढून बाबांचं नेहमीचं वाक्य फेकलं, "भात थंडा झाला तं गरम करता येते, समाज थंडा झाला तं कोन्या चुलीवर ठेवसान?"

अख्खी वस्ती हसली. बाबा पहिल्या रांगेत होते, तेही हसले. बाजूच्याला म्हणाले, "माही पोरगी व्हय." मला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. अजून घरी आहे, आई त्यात हळद ठेवते.

महिनाभराने रामाकोन्याला लग्न होतं. मीही गेले होते. बाबांनी पंचशील दिलं, प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या आणि घसा साफ करून म्हणाले, "दोनच शब्द सांगतो." मागून कुणीतरी माझ्या नकलेतल्याच सुरात ओरडलं, "भात थंडा होऊन राह्यला!" मांडव हसला. बाबाही हसले. हात जोडून म्हणाले, "हाव, बरोबर आहे. बसा जेवाले."

त्यानंतर बाबा ना मांडवात बोलले, ना बसस्टँडवर. वंदना, प्रतिज्ञा, मंगल कामना, संपलं. कोट खुंटीवरून पेटीत गेला. आई एकदा म्हणाली, "तुह्या बापानं कोट घालनं काहून सोडलं वं?" मी म्हटलं, गरमी होत असेल. माझ्या लग्नातही ते नुसत्या शर्टावर उभे होते. वरात यायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात लग्न लागलं. पाहुण्यांनी कौतुक केलं की वेळेत आटोपलं.

पाळक बाईला हे कसं सांगू? तुमची भिंत आठशे वर्षांची. आमची तर अजून ओली होती, आणि हात मारणारी घरचीच.

त्या गुरुवारनंतर मी ड्यूटीच्या रोटामधली एक सुट्टी बदलून घेतली आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. माझ्याकडे दुपार, तिकडे दिवस मावळायला आलेला. भाचीचं लग्न बोरगावला ठरलं आहे. मी म्हटलं, बाबा, लग्न तुम्हीच लावाल ना, तर या वेळी बोला. चार शब्द बोला.

"जाऊ दे वं बाई. लोकं उपाशी असतात."

"बाबा, मी तुमची नक्कल केली होती."

"चांगली केली होतीस. मी हासलो नाही का?"

"हसलात. पण कोट परत घातला नाही."

ते कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून बाजूला बघू लागले. मग हळूच म्हणाले, "तुले दिसलं होतं?"

दिसलं होतं. पहिल्याच दिवशी. एवढी वर्षं मी मनाशी धरून बसले होते की मला कळलं नव्हतं, लहान होते, गंमत होती. मी हो म्हटलं, आणि चुकले म्हटलं. जे कॉलेजात असताना म्हणायला हवं होतं ते मी पंचेचाळिसाव्या वर्षी, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून म्हटलं.

बाबांनी जाऊ दे म्हणून हात हलवला. मी पुन्हा म्हटलं, "मग आता मलाच सांगा. बसस्टँडवर राहिलं होतं ते."

"आता? काय करून राह्यली तू? जेवली का?"

ताट वाढलेलं समोर होतं. मी जेवले म्हणून सांगितलं.

त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली. "दोनच शब्द सांगतो," म्हणाले. आवाज बारीक झाला आहे. मधेच खोकला येत होता, एक गोष्ट दोनदा सांगितली. पण घड्याळ बघून तसंच पुढे जाणं तेच. भात थंड झाला. मी हलले नाही. मग मुलींबद्दलचं आलं. त्यांचा हात खिशाकडे रुमालासाठी गेला आणि ते थांबले.

"पुढचं विसरलो वं."

मला पाठ होतं. हसवण्यासाठी पाठ केलेलं, पण शब्दन् शब्द. हे वाक्य त्यांनी किती पोरींना म्हटलं असेल, आणि स्वतःच्या पोरीला बसस्टँडवर म्हणता आलं नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. विहारात ते आधी म्हणायचे आणि आम्ही त्यांच्यामागून. त्या दिवशी मी आधी म्हटलं, नक्कल न करता, माझ्या आवाजात:

"पोरगी लांब गेली तं घर सुटलं म्हनू नका."

बाबांनी ते माझ्यामागून म्हटलं. मग रुमाल डोळ्यांना लावून पुढचं त्यांचं त्यांनीच म्हटलं, "घर तेवढं लांबलं म्हना."