कमरेइतकं पाणी

आमच्या साडूंइतका माशांचा विचार सोलापूर जिल्ह्यात खुद्द माशांनीही केला नसेल. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या सहा फुटी गृहस्थांनी जन्मात मासळी चाखलेली नाही, पोहताही येत नाही. पण शहराबाहेरच्या एका तळ्यात कोणता मासा कुठे राहतो, या काळजीने त्यांचा चहा रोज गार होतो. त्यांचं दुखणं असं, की पाण्याच्या तपासण्या कॉलेजच्या वहीत, पाण्याची पातळी सरकारी रजिस्टरात आणि माशांची खरी माहिती मासेमारांच्या तोंडात. तिघांची भाषा वेगळी, एकमेकांशी बोलणं नाही. साडूंनी ही सोयरीक जुळवायचं मनावर घेतलं. हा मासा कशाचा प्रकार, तो कशात राहतो, ते कशाचा भाग, असे बाण जोडत ते कॉम्प्युटरला एकेका शब्दाचा अर्थ शिकवू लागले. पुढे पुढे हे बाण त्यांना घरातही दिसू लागले. सासूबाई एकदा म्हणाल्या, "जावईबापू, तेवढी चादर द्या की." तर हे विचारतात, "देतो, पण चादर अंथरुणात धरायची की पांघरुणात?" सोलापुरात राहून चादरीबद्दल असली शंका काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. सासूबाई उठल्या आणि चादर स्वतःच घेऊन आल्या.

अशात एका उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढायचं ठरलं. मरळ मासळी ज्या कोपऱ्यात पिल्लं काढते तेवढा सोडा, अशी मासेमारांची विनवणी होती. तो खणला गेला तर पुढे जाळ्यात चिखलच यायचा. गाळ काढणाऱ्या सरकारी ऑफिसने पुरावा म्हणून नकाशा मागितला. साडूंकडे आपण होऊन कुणी काही मागण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ते आठवडाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होते. त्या जोडणीतून कॉम्प्युटरने काढलेला नकाशा घेऊन आम्ही तळ्यावर गेलो. बहुतेक माहिती दिली होती ती मासेमारांतल्या वडीलधाऱ्या चाचांनी. त्यांनी नकाशा उलटसुलट पाहिला.

"सर, मरळ हितं घरटं करती म्हणता? भरल्या तळ्यात हितं माझ्या छातीला पाणी लागतं की!"

"चाचा, कमरेइतक्या पाण्यात असं तुम्हीच सांगितलंत."

"व्हय, पर कुणाच्या?"

साडूंनी चाचांकडे पाहिलं, मग स्वतःकडे. कमरेइतकं म्हणजे किती हे ठरवताना त्यांनी टेप स्वतःलाच लावली होती, आणि चाचा त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हते. तळ्याचा उतार इतका सपाट, की वीतभर खोली वाढली आणि मरळीचं घर शेदीडशे पावलं आत जाऊन बसलं. चादरीचाही कीस पाडणाऱ्या माणसाला कंबर विचारायची सुचली नव्हती! दुसऱ्या दिवशी हे शिंप्याची टेप घेऊन तळ्यावर हजर. एकेका मासेमारासमोर गुडघे टेकून जमिनीपासून कंबर मोजत होते. चाचा म्हणाले, "सर, शिवणार असाल तर सैल शिवा. लई घट्ट नको." जेसीबी काठावर येऊन उभा राहिला त्याच सकाळी दुरुस्त नकाशा ऑफिसात पोचला. कोपरा सुटला.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात साडू मला तिथे घेऊन गेले. गवताळ पाण्यात लालसर पिल्लांचा पुंजका वळवळत होता, खाली मोठी मरळ पहारा देत होती. हे दाखवायला त्यांनी चाचांना हाका मारल्या, तेव्हा जाळी टाकणाऱ्या पोरांकडून कळलं, की गाळाच्या कामामुळे वर्षभर जाळं रिकामं राहिलं आणि चाचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले. परतताना आम्ही त्या कारखान्याच्या फाटकापाशी थांबलो. साडूंनी फोनवरचा फोटो दाखवला. चाचा कितीतरी वेळ तो बघत राहिले. "पोरांना सांगा, पिल्लं सुटंस्तोवर तितं जाळं टाकू नगा म्हणावं," एवढंच म्हणाले.

साडूंच्या कॉम्प्युटरात माहिती देणारे म्हणून नोंदलेल्या चाचांच्या नावापुढे राहण्याचं ठिकाण म्हणून अजून तळंच आहे. चूक दिसली की तहानभूक विसरणारा हा माणूस तेवढी ओळ मात्र दर वेळी ओलांडून पुढे जातो, आणि तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते. एकदा मी म्हटलं, आता हे बदलायला हवं. "बदलू की," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "घाई काय आहे?"