शेंदराखालचा आकडा

तमाम वाचकांनी हातातली कामं बाजूला ठेवून सावरून बसावं. एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करायची आहे. आमच्या घराण्यावर एकदा सरकारला फसवल्याचा संशय आला होता. त्या संशयाला कारण होते माझे सख्खे मामा, त्यांचा एक ब्रश आणि बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग. लबाडी आमच्या घरात कुणाला जमलीच नसती. आईला लोणच्याची बरणीसुद्धा धड लपवता येत नसे. पण पुरावा असा भक्कम उभा राहिला की मलाच माझ्या प्रामाणिकपणाची शंका यायला लागली.

आम्ही पिंगळीला राहायचो. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. मी बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसले होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, आज इथली एस.टी. बंद तर उद्या तिथली, त्यामुळे मुलाखतीला निघालेली मी दोनदा अर्ध्या वाटेतून परत आले होते. अशात वडिलांनी कुठून तरी एका योजनेचा कागद आणला. शिकलेल्या बेरोजगारांना धंद्याचं यंत्र घ्यायला बँक कर्ज देणार, जामीन सरकार राहणार, आणि व्याजाचा दर पहिल्या हप्त्याला जो असेल तोच शेवटच्या हप्त्याला. हे शेवटचं वाक्य वडिलांनी मला तीनदा वाचून दाखवलं आणि आईला दोनदा. सावकाराचं व्याज फुगताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. न हलणारं व्याज ही त्यांना ध्रुवताऱ्याइतकी भरवशाची गोष्ट वाटली.

मी मिरची कांडायचं यंत्र घ्यायचं ठरवलं. गावातल्या बायका उखळात मिरची कुटायच्या आणि मग दोन दिवस हातांची आग होते म्हणून पाण्यात हात बुडवून बसायच्या. गिऱ्हाईक शोधायला लागणार नव्हतं.

कर्जाचं काम बघणारे बँकेचे साहेब उंच, वाळलेले आणि कमालीचे गंभीर होते. परभणीच्या कचेरीत त्यांनी मला समोर बसवून अटी समजावून सांगितल्या. यंत्र कोरं पाहिजे. पैसे बँक थेट दुकानदाराला देणार. महिन्याच्या आत ते स्वतः येऊन यंत्रावरच्या पट्टीचा नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहणार. जुळला नाही तर कर्ज रद्द, आणि यंत्र त्याच दिवशी बँकेच्या ताब्यात. एवढं कडक का, तेही त्यांनी सांगितलं. आदल्या वर्षी कुणीतरी जुनी पिठाची गिरणी रंगवून नवी म्हणून दाखवली होती. त्या कागदावर साहेबांची सही होती आणि वरून त्यांना मेमो आला होता.

"तुमची शिफारस मीच केली आहे, बाई," ते म्हणाले. "दुसरा मेमो मला झेपायचा नाही."

यंत्र आलं. स्टेशनजवळच्या भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बसवलं. काळपट राखाडी रंगाचं, मोठ्या चाकाचं, पोटावर पत्र्याची छोटी पट्टी आणि तिच्यात ठोकलेले इंग्रजी आकडे. पहिल्याच आठवड्यात ओळीनं डबे लागले. मी दिवसभर शिंकायची आणि संध्याकाळी राणीसारखी घरी यायची.

मग पोळा आला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिंतूरकडून मामा आले. मामा शेतकरी, पण त्यांचा खरा जीव रंगात. पोळ्याला त्यांच्या गावातले अर्धे बैल त्यांच्याच हातून सजायचे. उरलेले डबे ते बहिणीकडे घेऊन आले होते. यंत्र पाहून त्यांना फार वाईट वाटलं. दावणीला नवा बैल यावा आणि ऐन पोळ्यात तो कोरा राहावा, हे त्यांच्या मनाला पटेना.

"लक्ष्मी हाय ही, माय," ते मला म्हणाले. "तिला असं रांडमुंड ठिवतेत व्हय?"

डबा मी धरला होता, हे मी आजही मान्य करते. मामांनी यंत्राचं अंग शेंदरी केलं, चाक हिरवं, चाकाचे आरे एकाआड एक पिवळे. पट्टीपाशी आल्यावर ते थांबले. नव्या लुगड्यावर दुकानदाराचं लेबल असतं तसंच हे, असा त्यांनी निकाल दिला, तिच्यावर शेंदराचे तीन हात चढवले आणि वर सोनेरी स्वस्तिक काढलं. साहेब आणि त्यांची अट मला त्या क्षणी आठवायला हवी होती. आठवली नाही. स्वस्तिक फार सुबक आलं होतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेब दुपारच्या गाडीनं उतरले. काखेत माझी फाईल होती. चारच्या पॅसेंजरनं परत जाऊन त्यांना संध्याकाळच्या आत अहवाल द्यायचा होता. वडील शाळेतून मुद्दाम आले होते. मामांचा मुक्काम अजून हललेला नव्हता.

साहेब शेडच्या दारात थबकले. शेंदरी अंगावर तीन आठवड्यांची तांबडी पूड बसली होती, चाकाचा हिरवा रंग ते फिरवणाऱ्या पट्ट्याच्या घासण्यानं उडाला होता. दहा वर्षं राबलेल्या यंत्रासारखं ते यंत्र दिसत होतं, आणि ते मला त्यांच्या नजरेतून तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"नंबरची पट्टी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी स्वस्तिकाकडे बोट दाखवलं.

मामांना वाटलं, साहेबांना रंगकाम आवडलं. ते पुढे होऊन कौतुकानं सांगायला लागले, तीन हात दिलेत, पाऊस लागला तरी निघायचा न्हाई. साहेबांचा चेहरा पांढरा पडत चालला. त्यांनी फाईल उघडली, मिटली, आणि हळू आवाजात वडिलांना म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

वडील म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस. त्यांनी नुसते हात जोडले. ते बघवेना म्हणून मी बोलायला लागले. पोळा, बैल, मामा, उरलेला रंग, सगळं सांगितलं. जितकं सांगत गेले तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं. मामांना आता कुठे प्रकार उमगला. ते कोपऱ्यातला विळा घेऊन धावले, आत्ता खरवडून देतो म्हणाले.

साहेबांनी त्यांचा हात धरून बजावलं. पट्टीवर ओरखडा उठला तर नंबर खोडायचा प्रयत्न झाला असं त्यांना लिहावं लागेल, आणि मग कुणाचंच काही चालणार नाही. मामा विळा टाकून भिंतीशी जाऊन बसले.

मी घरून घासलेट आणलं. वडिलांनी आपल्या धोतराचा सोगा टर्रकन फाडला. चिंधी भिजवून मी पट्टीवर दाबून धरली आणि आम्ही वाट पाहत उभे राहिलो. साडेतीन वाजले होते. बाहेर मिरच्यांचे डबे घेऊन दोन बाया आल्या आणि आतल्या चौघांची तोंडं पाहून न विचारताच ओट्यावर टेकल्या.

सोनेरी रंग आधी वितळला. मग शेंदराची पहिली साल सुटली, मग दुसरी. तिसरी सुटेना. मी नखानं नाही, बोटाच्या पेरानं चोळत राहिले. पेर झोंबत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. थोडं घासलेटानं, थोडं मिरचीनं, आणि उरलेलं कशानं ते सांगायला नको. साहेब बिल हातात धरून माझ्या खांद्यावरून बघत होते.

चार दिसला. साहेबांनी बिलावर बोट ठेवलं. सात दिसला. एक दिसला. सहा दिसला. प्रत्येक आकड्याला वडील मागे श्वास सोडत होते आणि पुन्हा धरत होते. बिलावर शेवटचा आकडा तीन होता. शेवटची साल निघाली आणि पट्टीवर स्पष्ट आठ दिसला.

"आठ," साहेब म्हणाले.

मी पुन्हा पुसलं. आठच. इंग्रजी तीन आणि आठ यांच्यात फरक तो काय, दोन फटींचा. पण त्या दोन फटींत माझं यंत्र, वडिलांचं नाव आणि साहेबांची सही, सगळं गेलं होतं. लांबून गाडीची शिट्टी आली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पेनाचं टोपण काढलं. ते लिहिणार, हे मला कळलं.

ते लिहिता लिहिता थांबले. माझ्या फाईलमधली टाचणी त्यांनी उपसली; कागद सुटून पडायला लागले ते वडिलांनी ओंजळीत झेलले. इस्त्रीच्या विजारीसकट साहेब मिरचीच्या पुडीत गुडघ्यांवर बसले आणि आकड्याच्या डाव्या कडेला टाचणीचं टोक अलगद टेकवलं. वाळलेल्या शेंदराचा एक कण निघाला. त्यांनी फुंकर मारली. खालच्या अंगाला पुन्हा टोक लावलं. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि तो पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. बाहेर गाडी येऊन थांबली. कुणीही स्टेशनाकडे पाहिलं नाही. दुसरा कण निघाला.

साहेब ताडकन उठले, टाचणी हातातच, गुडघे लालभडक, आणि ओट्यावरच्या बायासुद्धा दचकतील अशा आवाजात ओरडले, "तीनच हाय, बाई! तीनच हाय! सुटलो आपण!"