हर्षा हरली त्यानंतरचा चहा

सिहोऱ्याच्या तुळसाची मुलगी हर्षा कबड्डीत राज्याच्या संघात गेली आणि तिचा सामना टीव्हीवर लागला. तेव्हा ताराबाईंच्या धानाच्या बांधीत रोवणा चालू होता. धान रोवणाऱ्या बायकांसाठी ताराबाई दुपारी स्वतः चहा आणायच्या. इतर बायकांना स्टीलचे गिलास, तुळसासारख्या बौद्ध मोहल्ल्यातल्यांना डिस्पोजल. याबद्दल कोणी तोंडातून अवाक्षर काढत नसे.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ताराबाईंनी तुळसाच्या हातात स्टीलचा गिलास दिला. तिच्या शेजारी बसलेल्या, तिच्याच मोहल्ल्यातल्या रश्मीला मात्र डिस्पोजल.

तुळसाला राग येण्याआधी नवल वाटलं. बायका पांगल्यावर तिनं सरळ विचारलं, "बाई, हर्षा टीव्हीवर दिसली नसती, तर हा गिलास मले भेटला असता का?"

ताराबाई गडबडल्या. मग बांधावर टेकल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "खोटं कायले बोलू? काल समोरच्या संघातल्या पोरींनी हर्षाचा पाय धरून ओढला, त मीच घरात ओरडली, 'सोडा वो तिले!' आमचे हे हासाले लागले. मंग रात्री माह्या मनात आलं, उद्या हिच्या मायले मी त्या गिलासात चहा देईन का?"

"अन् रश्मीले?"

"रश्मीचा विचारच नाही आला मनात."

"म्हणजे आमच्यातल्या एकेकीले टीव्हीवर जावं लागन का?" तुळसानं खरंच विचारलं. टोमणा नव्हता त्यात.

 ताराबाईंनी गिलास गोळा केले आणि त्या निघून गेल्या. तुळसाकडून हे ऐकल्यावर आता कामच बंद होतं की काय, अशी धास्ती रश्मीला वाटली. पण दुसऱ्या दिवशी ताराबाई आल्या तेव्हा टोपलीत नुसते स्टीलचे गिलास होते. रश्मीनं चहा घेतला, पण पिताना ती सारखी ताराबाईंकडे बघत होती.

रोवणा संपायच्या आत हर्षाचा संघ हरला. शेवटच्या चढाईत हर्षाच पकडली गेली, गुडघाही दुखावला. गावात दोघं-तिघं म्हणालेही, "पोरगी उगाच डोक्यावर चढवली होती." हर्षानं फोनवर रडून घेतलं. तुळसानं तिला धीर दिला, पण स्वतःच्या मनात एक वेगळंच कुतूहल होतं. सकाळी चिखलात उतरताना ती रश्मीला म्हणाली, "आज पाहू, चहा कशात येते त."

दुपारी चहा आला. त्या दिवशी बायका जास्त होत्या, एक गिलास कमी पडला. ताराबाईंनी आधी सगळ्यांना स्टीलचे दिले, पिशवीतून एक डिस्पोजल काढला, त्यात स्वतःसाठी चहा ओतला आणि तुळसा-रश्मीच्या मधे येऊन बसल्या.

"गुडघा कसा आहे वो पोरीचा?"

"सुजला आहे. भंडाऱ्याले दाखवू म्हणते."

"दाखव. अन् तिले सांग, ती चढाई चुकली नव्हती. तिघी तिच्यावर पडल्या, काय करन एकटी?"

मग रश्मीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुह्या पोरीचं नाव काय वो? तीबी खेळते का?"

"अपेक्षा," रश्मी म्हणाली. "नाही खेळत. तिले शिवणकाम आवडते."

"बरं आहे की," ताराबाई म्हणाल्या. "माह्या पोलक्याची शिवण उसवली आहे. तिले इचारजो, करून देईन का म्हणून."

पलीकडच्या शेतात मात्र अजून दोन तऱ्हेचे गिलास निघत होते. तुळसानं तिकडे मान उंचावून पाहिलं, आणि तिथल्या मालकिणीला कोणता खेळ आवडत असेल याचा विचार करत ती पुन्हा चिखलात उतरली.