अंगणातल्या परेडीवरचं नॉर्वेजियन

नॉर्वेजियन भाषेतले लांबलचक जोडशब्द आठवले, की मला अजून माझ्याच आवाजाची शिसारी येते.

मी साताऱ्यात एका खाजगी दवाखान्यात नर्स. नॉर्वेत नोकरी हवी होती, त्यासाठी तोंडी परीक्षा पास व्हायची होती, म्हणून क्लास लावला. क्लासचे सर तंबाखूचा बार भरून शिकवायचे. किळस यायची. 'स्यूकेप्लैएर', म्हणजे नर्स, हा शब्द ते फळ्यावर तोडून लिहायचे आणि सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घ्यायचे: स्यू, के, प्लै, एर. चारही तुकडे सारख्याच जोरात. मोबाईलवर ऐकलेलं काही निराळंच असायचं. हे मला कळत होतं, तरी मी मान खाली घालून 'हो सर' म्हणायचे.

घरी रहिमतपूरला आबा, माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उभी हयात रंगरुटांची परेड घेण्यात गेलेली.

"शबुद लांब हाय म्हणून भितीस व्हय? पायावर घे त्याला," ते म्हणाले.

झालं! रोज संध्याकाळी अंगणात आबांचं 'एक-दोन' आणि माझे आपटणारे पाय. 'अर्, बाइड्स, प्लास', म्हणजे कामाची जागा. तीन पावलं, थांब. शेजारीण कुंपणावरून मजा बघायची. शब्द मात्र धडाधड पाठ झाले.

परीक्षेला स्क्रीनवरच्या नॉर्वेच्या बाईंनी कामाबद्दल विचारलं. मी बोलायला लागले आणि टेबलाखाली माझा उजवा पाय आपोआप आपटू लागला. बाईंनी तीनदा 'पुन्हा सांगा' म्हटलं. शेवटी तोच 'अर्बाइड्सप्लास' त्यांनी म्हणून दाखवला. सगळा भार पहिल्या 'अर्'वर, बाकीचं हलकंच मागोमाग. 'प्लास' नव्यानं सुरू झालेला कळत होता, पण श्वास कुठं तुटत नव्हता. "तुमचं बोलणं पेशंटला समजणार नाही," त्या म्हणाल्या. मी नापास.

परीक्षा केंद्राबाहेर आबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. "जमलं का गं?"

"तुमच्या परेडीनं वाटोळं केलं माझं! कुणी सांगितलं होतं मधे पडायला?"

"सरांनी बी तसंच शिकवल्यालं न्हवं?"

"सरांचं काढू नका!"

आबा म्हणाले, "आमच्यात हुकूम कळला की झालं. आजारी मानसाला काय कळाया पायजे, त्ये न्हाई इचारलं म्या. चुकलं, पोरी."

वड्याचं तेल वांग्यावर काढलं होतं मी. दुसऱ्या दिवशी क्लासला गेले ते सरांना चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून. सर खिडकीतून थुंकले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "पुढच्या बॅचला बसा, होऊन जाईल."

"हो सर," मी म्हणाले. एका दमात, कुठंही न अडखळता.